इझमितचे दीडशे कारागीर

इस्तंबूलहून अंकाऱ्याकडे निघालेली आगगाडी पहिला तास-दीड तास मार्मारा समुद्राच्या एका लांबट, चिंचोळ्या आखाताच्या कडेने धावते. उजव्या हाताला निळे पाणी दिसावे अशी प्रवाशाची अपेक्षा असते आणि ते दिसतेही. परंतु त्या पाण्याच्या आणि प्रवाशाच्या मध्ये तेलाच्या प्रचंड टाक्या, गोदीतील याऱ्या, मोटारींच्या कारखान्यांची लांबच लांब छपरे आणि धुराडी यांची रांग उभी असते. आखात जेथे संपते तेथे टेकडीच्या उतरणीवर इझमित हे शहर वसले आहे. कोजाएली प्रांताचे हे मुख्य ठाणे इस्तंबूलपासून सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. परदेशी प्रवासी येथे सहसा उतरत नाहीत. बुर्सा पाहावयास जाणारे 2016 मध्ये खुल्या झालेल्या मोठ्या पुलावरून आखात ओलांडून परस्पर निघून जातात, आणि अंकाऱ्याला जाणारे खिडकीतून धुराडी पाहून पुन्हा डोळे मिटतात.

तथापि जो कोणी येथे एक दिवस मुक्काम करील, त्याला कळून येईल की हे शहर एके काळी रोमन साम्राज्याच्या राजधान्यांपैकी एक होते. त्याचे जुने नाव निकोमीडिया. रोमन काळातील नगर आजच्या घरांच्या, दुकानांच्या आणि रस्त्यांच्या खाली गाडलेले आहे. ते गाडले गेले ते आगीने, भूकंपाने आणि काळाने. या शहराच्या दीर्घ इतिहासात एक प्रश्न वारंवार पुढे आलेला दिसतो. नगरावर संकट कोसळले असता त्याला वाचवावे कोणी? राजाने, की शेजाऱ्यांनी? आणि शेजारी एकत्र येऊ लागले, तर राजाने त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

निकोमीडियाची स्थापना इसवी सनापूर्वी 264 च्या सुमारास बिथिनियाचा राजा पहिला निकोमिडीझ याने केली आणि आपलेच नाव नगरास दिले. याच राज्याच्या आश्रयास कार्थेजचा सेनापती हॅनिबल येऊन राहिला होता. रोमनांच्या स्वाधीन केले जाण्याची वेळ आली, तेव्हा इसवी सनापूर्वी 183 च्या सुमारास त्याने आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या गेब्झे गावाजवळ, विष घेऊन प्राण सोडला. पुढे इसवी सनापूर्वी 74 मध्ये बिथिनियाच्या शेवटच्या राजाने मृत्युपत्राने आपले राज्य रोमला देऊन टाकले. भारतीय वाचकाला हे शहर आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. सिकंदराच्या स्वारीचा सर्वांत विश्वसनीय इतिहास ज्याने लिहिला, आणि 'इंडिका' या छोट्या ग्रंथात नेआर्कस, मेगॅस्थिनीझ आदींच्या वृत्तांतांच्या आधारे हिंदुस्थानातील नद्या, हत्ती आणि लोकरीती यांची माहिती ज्याने जतन केली, तो ॲरियन याच निकोमीडियाचा सुपुत्र होय. मेगॅस्थिनीझचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. चंद्रगुप्त मौर्याच्या काळासंबंधी आपणांस त्यातले जे काही ठाऊक आहे, त्यात ॲरियनचा वाटा मोठा आहे.

ॲरियन तरुण असताना, इसवी सन 110 च्या सुमारास, सम्राट ट्रेजनने या प्रांताचा कारभार पाहण्यासाठी धाकट्या प्लिनीला पाठविले. हा प्लिनी विद्वान, सज्जन आणि काहीसा भिडस्त गृहस्थ होता. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याच्या मामाने किनाऱ्यावरील लोकांना सोडविण्यासाठी गलबते हाकारली आणि तो तेथेच मृत्यू पावला. संकटात सापडलेले नगर कसे दिसते याची ओळख प्लिनीला अशी लहान वयातच झालेली होती. बिथिनियातून त्याने ट्रेजनला लिहिलेली पत्रे आणि सम्राटाची उत्तरे आजही उपलब्ध आहेत. सरकारी पत्रव्यवहार इतका मनोरंजक क्वचितच असतो.

त्यांपैकी एक पत्र निकोमीडियाच्या आगीविषयी आहे. प्लिनी प्रांताच्या दुसऱ्या भागात दौऱ्यावर असताना शहरात मोठी आग लागली. पुष्कळ घरे जळाली. ज्येष्ठ नागरिकांचे सभागृह आणि इसिस देवीचे मंदिर यांच्यामध्ये रस्ता होता, तरी दोन्ही भस्मसात झाली. वाऱ्याने आग पसरविली, हे खरे. परंतु लोकांच्या निष्क्रियतेनेही ती पसरविली, असे प्लिनीने खेदाने कळविले. लोक जागच्या जागी उभे राहून आपल्याच नगराचा नाश पाहत होते. शहरात ना बंब होता, ना बादल्या, ना आग विझविण्याचे दुसरे कोणतेही साधन. ही साधने तयार करण्याचा हुकूम प्लिनीने दिला आणि मग सम्राटापुढे एक नम्र सूचना ठेवली. सुतार-लोहारादी कारागिरांचे, फार तर दीडशे माणसांचे, एक पथक आगीसाठी स्थापन करण्यास परवानगी असावी. त्यात कारागिरांवाचून इतर कोणास प्रवेश मिळणार नाही आणि पथकाचा दुसऱ्या कामी उपयोग होणार नाही, याची जबाबदारी आपण स्वतः घेऊ. एवढ्या थोड्या माणसांवर नजर ठेवणे अवघड नाही, असेही त्याने जोडले.

ट्रेजनने नकार दिला. ट्रेजन हा जुलमी राजा नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. रोमचा उत्तम सम्राट म्हणून पुढच्या पिढ्यांनी त्याचेच नाव घेतले. त्याच्या नकाराला कारणही होते. बिथिनियातील शहरे परस्परांच्या चढाओढीत आणि गावोगावच्या तटबाजीत गुंतलेली होती. अशाच मंडळांनी या प्रांतात पूर्वी अस्वस्थता माजविली होती, याची त्याने प्लिनीला आठवण करून दिली. माणसे कोणत्याही नावाने आणि कोणत्याही हेतूने एकत्र आली, तरी थोड्याच काळात त्यांची राजकीय टोळी बनते, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. तेव्हा बंब आणि बादल्या आणून ठेवाव्यात, घरमालकांना त्यांचा उपयोग शिकवावा, आणि गरज पडल्यास आयत्या वेळी जमलेल्या गर्दीकडून काम करून घ्यावे, एवढ्यावर त्याने प्रकरण संपविले. साधने असावीत, परंतु संघटना नको, असा हा निर्णय होता.

याच काळातील इतर पत्रांवरून या शहराची चणचण कशाची होती तेही कळते. नागरिकांनी पाणी आणण्यासाठी एका कालव्यावर 33,18,000 सेस्टर्स खर्च केले होते आणि तो अर्धवट सोडून पाडून टाकला होता. दुसऱ्यावर आणखी दोन लाख घालून तोही टाकला होता. पैसा होता, पाणी नव्हते. जवळच एक मोठे सरोवर आहे, त्यापासून समुद्रापर्यंत कालवा खणला तर संगमरवर, धान्य, इमारती लाकूड आणि जळण स्वस्तात वाहून नेता येईल, असे प्लिनीने सुचविले. ते आजचे सापांजा सरोवर असावे, असे विद्वान मानतात. या सरोवराचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

दीडशे कारागिरांच्या प्रकरणाला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती ख्रिस्ती इतिहासाच्या वाचकाला विशेष जाणवते. ट्रेजनच्या आदेशानुसार प्लिनीने प्रांतात सर्व मंडळांवर बंदी घातली. त्यानंतर काही काळाने त्याने सम्राटाला आपले सुप्रसिद्ध पत्र लिहिले. ख्रिस्ती लोकांविषयी रोमन अधिकाऱ्याने लिहिलेले ते आपल्या हाती असलेले सर्वांत जुने पत्र होय. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी, व्यभिचार आणि विश्वासघात न करण्याची शपथ घेतात आणि मग एकत्र साधे भोजन करतात, असे त्याला चौकशीत आढळले. मंडळांवरील बंदीनंतर त्यांनी ते भोजनही थांबविले होते. म्हणजे ज्या संशयाने आगीच्या पथकाला नकार मिळाला, त्याच संशयाच्या सावलीत उपासकांची पंगतही आली. ख्रिस्ती लोकांना मुद्दाम हुडकून काढू नये आणि निनावी तक्रारी स्वीकारू नयेत, असे ट्रेजनने उत्तर दिले. परंतु गुन्हा शाबीत झाल्यास शिक्षा करावी, हेही त्याने लिहिले.

पावणेदोनशे वर्षांनी निकोमीडियाचे दैव पालटले. 20 नोव्हेंबर 284 रोजी या शहराजवळच सैन्याने डायोक्लेशन यास सम्राट म्हणून घोषित केले, आणि त्याने हेच शहर आपली राजधानी केले. त्याला रोमच्या तोडीचे नगर हवे होते. सभागृहे आणि रथशर्यतींचे मैदान यांच्याबरोबर येथे नाणी पाडण्याची टांकसाळ आली आणि शस्त्रांचा कारखानाही उभा राहिला. कारखान्यांचे शहर हा इझमितचा लौकिक अगदी आजचा नव्हे, हे यावरून दिसते. हे सर्व सांगणारा लॅक्टॅन्शियस हा साक्षीदार पेशाने शिक्षक होता. आफ्रिकेतून त्याला लॅटिन वक्तृत्वकला शिकविण्यासाठी सम्राटाने बोलावून घेतले. परंतु ग्रीक बोलणाऱ्या या नगरात लॅटिन शिकावयास विद्यार्थीच मिळेनात. हा बेकार शिक्षक ख्रिस्ती होता, आणि पुढे जे घडले ते त्याने लिहून ठेवले.

निकोमीडियात तेव्हा ख्रिस्ती लोकांचे उपासनामंदिर उंचावर, राजवाड्यातून दिसेल अशा जागी उभे होते. म्हणजे दोनशे वर्षांत भीत भीत जमणाऱ्या मंडळीची जाहीर संस्था झाली होती. 23 फेब्रुवारी 303 रोजी पहाटे सैनिकांनी त्याची दारे फोडली, पवित्र शास्त्राच्या प्रती जाळल्या आणि सामान लुटले. उपसम्राट गॅलेरियस आणि डायोक्लेशन राजवाड्यातून हे पाहत होते. मंदिराला आग लावावी, असे गॅलेरियसचे म्हणणे होते. डायोक्लेशनने ते मानले नाही. मंदिराभोवती मोठमोठी घरे होती आणि आग पसरून शहराचा एखादा भाग जळून जाईल, अशी त्याला भीती वाटली. म्हणून पहारेकऱ्यांनी कुऱ्हाडी आणि लोखंडी हत्यारे घेऊन ती उंच इमारत काही तासांत जमीनदोस्त केली. ज्या आगीसाठी या नगराने एके काळी दीडशे माणसे मागितली होती, तिचा धाक सम्राटाच्याही मनात होता.

दुसऱ्या दिवशी छळाचा हुकूमनामा भिंतीवर लागला. एका माणसाने तो सर्वांदेखत फाडला. त्याला जिवंत जाळण्यात आले. थोड्याच दिवसांत राजवाड्यात दोनदा आग लागली आणि तिचा आळ ख्रिस्ती लोकांवर आला. शहराचे बिशप अँथिमस यांचा शिरच्छेद झाला. राजवाड्यातील अनेक सेवक रक्तसाक्षी झाले. परंतु याच शहराच्या भिंतींवर पुढे दोन निराळे हुकूम लागले. 30 एप्रिल 311 रोजी मृत्युशय्येवरील गॅलेरियसने छळ मागे घेतला. 13 जून 313 रोजी लिसिनियसने स्वतःच्या आणि कॉन्स्टंटाइनच्या वतीने सर्वांना उपासनेचे स्वातंत्र्य जाहीर केले, आणि ख्रिस्ती लोकांच्या जागा त्यांच्या मंडळीला, म्हणजे व्यक्तींना नव्हे तर संस्थेला, परत द्याव्यात असे बजावले. दोनशे वर्षांपूर्वी जे एकत्र येणे धोक्याचे ठरले होते, त्याला राज्याच्या कायद्याने येथे मान्यता दिली. स्वतः कॉन्स्टंटाइनने 337 मध्ये याच शहराच्या परिसरात बाप्तिस्मा घेतला आणि येथेच तो निवर्तला.

त्यानंतर एकवीस वर्षांनी, 24 ऑगस्ट 358 रोजी, उजाडता उजाडता भूकंप झाला. टेकडीच्या उतरणीवरील घरे एकावर एक कोसळत खाली आली. अमियानस या इतिहासकाराचे या प्रसंगीचे निवेदन लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मंदिरांचा, घरांचा आणि माणसांचाही बराच मोठा भाग वाचू शकला असता. परंतु भूकंपामागोमाग लागलेली आग पाच दिवस आणि पाच रात्री जळत राहिली आणि जे जळण्याजोगे होते ते सर्व तिने खाल्ले. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका नकाराला या नाशासाठी जबाबदार धरणे न्यायाचे होणार नाही. एवढ्या भूकंपापुढे दीडशे माणसे काय पुरणार? तरीही प्लिनीचे पत्र आणि अमियानसचे हे निवेदन एकापाठोपाठ वाचणाऱ्याचे मन क्षणभर थांबल्यावाचून राहत नाही. चार वर्षांनी सम्राट ज्युलियन येथून गेला. त्याचे बालपणीचे काही दिवस या शहरात गेले होते. राखेचे ढीग पाहून त्याच्या डोळ्यांतून निःशब्द अश्रू वाहिले, आणि पुनर्बांधणीसाठी त्याने भरघोस द्रव्य दिले. परंतु तोवर राजधानीचा मान कॉन्स्टँटिनोपलकडे गेला होता. निकोमीडिया पुन्हा उभी राहिली, ती एक साधे नगर म्हणून.

पुढील हजार वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. 1337 मध्ये ओर्हान याने ते जिंकले आणि ते उस्मानी राज्यात आले. मागच्या डोंगरांतील लाकूड आणि समोरचे शांत आखात यांमुळे येथे जहाजे बांधण्याचा धंदा चालला. 1719 मध्ये पुन्हा मोठा भूकंप झाला, पुन्हा शहर उभे राहिले. 1873 मध्ये इस्तंबूलसमोरील हैदरपाशाहून आगगाडी येथवर आली, आणि त्या रुळांनीच शहराचे आधुनिक भविष्य ठरविले.

तुर्की प्रजासत्ताकाचा कागदाचा पहिला आधुनिक कारखाना 1936 मध्ये येथे सुरू झाला. त्यामागे मेहमेत अली नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची चिकाटी होती. परदेशात कागदनिर्मितीचे शिक्षण घेऊन आलेल्या या गृहस्थाने देशात कागद तयार व्हावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. 1934 मध्ये तुर्कस्तानात प्रत्येकाने आडनाव घ्यावे असा कायदा झाला, तेव्हा त्याने 'काअतची', म्हणजे कागदवाला, हेच आडनाव घेतले. तुर्की 'काअत' आणि आपला 'कागद' हे एकाच फारसी शब्दाचे वंशज आहेत, आणि शेवटचा 'ची' तर आपल्या तोपची, मशालची या शब्दांत अद्याप नांदत आहे. या कारखान्याभोवती कामगारांच्या वसाहती वाढल्या. इझमितच्या दोन-तीन पिढ्यांचा संसार त्यावर चालला. 2005 मध्ये कारखाना बंद करण्याचे ठरले, तेव्हा कामगारांनी सुमारे पन्नास दिवस आत ठाण मांडून त्याला विरोध केला. कारखाना अखेर बंद झालाच. परंतु जागा नगरपालिकेकडे आली. आज तेथे समुद्रकाठी विस्तीर्ण उद्यान आहे, आणि जुन्या यंत्रांसह कागदाचे संग्रहालय 2016 मध्ये उघडले आहे.

त्याआधी, 17 ऑगस्ट 1999 च्या रात्री तीन वाजून दोन मिनिटांनी, या आखाताखालची जमीन पुन्हा सरकली. एका मिनिटाच्या आत हजारो इमारती ढासळल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे सतरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. इझमितजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे उंच धुराडे मोडून पडले, टाक्यांनी पेट घेतला आणि ती आग कित्येक दिवस धुमसत राहिली. या कारखान्यात बंब होते, नळ होते, शिकविलेली माणसेही होती. परंतु त्याचे पाणी सापांजा सरोवरातून येत असे, आणि ती वाहिनीच भूकंपाने फुटली होती. अखेर समुद्राचे पाणी आणि विमाने यांचा आधार घ्यावा लागला. ज्या सरोवराच्या पाण्याचा विचार प्लिनीने एकोणीसशे वर्षांपूर्वी केला होता, त्याच पाण्यासाठी इझमित पुन्हा एकदा खोळंबले.

त्या पहिल्या रात्री सरकारी मदत पोहोचण्यास उशीर झाला. ढिगाऱ्याखालून बहुतेक माणसे बाहेर काढली ती शेजाऱ्यांनी, उघड्या हातांनी. 1996 मध्ये काही गिर्यारोहकांनी स्थापन केलेले 'आकुत' नावाचे स्वयंसेवकांचे पथक धावून आले आणि साऱ्या देशाच्या आदरास पात्र झाले. ज्यांच्याशी पिढ्यानपिढ्यांचे वैर, त्या ग्रीकांची पथकेही आली. तीन आठवड्यांनी अथेन्सला भूकंप झाला तेव्हा तुर्की पथके तिकडे गेली. या दुःखातून इझमितने एक धडा घेतला. पुढील वर्षांत स्वित्झर्लंडच्या साहाय्याने कोजाएली प्रांतात वस्तीवस्तीतून स्वयंसेवकांची पथके तयार होऊ लागली. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, कोणी गृहिणी. ढिगारा कसा उपसावा, जखमीला कसे उचलावे आणि लहान आग पसरण्यापूर्वी कशी विझवावी, हे त्यांना शिकविले जाते. त्यांचे तुर्की नाव 'महल्ले आफेत गोन्युल्लुलेरी'. त्यातला 'महल्ले' म्हणजे मोहल्ला आणि 'आफेत' म्हणजे आफत, हे सांगावयास दुभाषी नको.

जुन्या रेल्वे स्थानकाच्या आवारातील संग्रहालयात आज एक शिल्पपट पाहावयास मिळतो. 2001 मध्ये चुकुरबा नावाच्या मोहल्ल्यात तो सापडू लागला. त्यावर डायोक्लेशन आणि त्याचा सहसम्राट रथांतून उतरून एकमेकांना आलिंगन देत आहेत, आणि सतराशे वर्षांनंतरही त्यावरील रंग काही ठिकाणी टिकून आहे. पाहणारा तेथे बराच वेळ रेंगाळतो. मग बाहेर येऊन तो 'पिश्मानिये' ही इझमितची प्रसिद्ध मिठाई विकत घेतो, आणि पहिल्या घासातच ती आपल्या सोनपापडीची बहीण असल्याचे त्याच्या ध्यानी येते.

प्लिनीने मागितलेल्या दीडशे कारागिरांचे पथक त्याच्या हयातीत स्थापन झाले नाही. सम्राटाला भीती होती ती एकत्र येणाऱ्या माणसांची. पण प्लिनीच्या पत्रातील खरी भयंकर गोष्ट निराळीच आहे: जळणाऱ्या घरांसमोर हात बांधून उभी राहिलेली गर्दी. त्या गर्दीतील माणसे वाईट नव्हती. एकत्र काम करण्याची सवय त्यांना कोणी लागू दिली नव्हती. आज त्याच उतरणीवरच्या मोहल्ल्यांत शेजारी शेजाऱ्याबरोबर ती सवय लावून घेत आहे. आगगाडीच्या खिडकीतून हे दिसत नाही. त्यासाठी इझमितला उतरावे लागते.